जगलेल्या बाळाच्या मेंदूकडे कोण पाहणार?

दर काही महिन्यांनी एक बातमी देशभरातील वर्तमानपत्रांत फिरते. सहाव्या महिन्यात जन्मलेले, तळहातावर मावेल एवढे, सहा-सातशे ग्रॅम वजनाचे बाळ दोन-तीन महिन्यांच्या झुंजीनंतर घरी जाते. छायाचित्रात डॉक्टर असतात, पुष्पगुच्छ असतो, टोपरे घातलेले बाळ असते आणि डोळे पुसणारी आई असते. बातमीत जन्माचे वजन असते, घरी जातानाचे वजन असते, व्हेंटिलेटरवर काढलेल्या दिवसांची संख्या असते, कधी बिलाचा आकडाही असतो. नसते ती एकच ओळ: या बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी केव्हा झाली आणि तीत काय दिसले?

वार्ताहर ही ओळ विचारत नाही, कारण ती विचारायची असते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. आईवडील विचारत नाहीत, कारण बाळ जगले याच आनंदात ते बुडालेले असतात. आणि आरोग्ययंत्रणा स्वतःहून सांगत नाही, कारण तिचे सगळे हिशेब ‘जगले की गेले’ या एकाच प्रश्नाभोवती मांडलेले आहेत.

त्या एका प्रश्नाचे उत्तर भारताने बऱ्यापैकी दिले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ३३ नवजात अर्भके दगावत होती. २०२० मध्ये ही संख्या २० वर आली. जिल्हा रुग्णालयांतून विशेष नवजात काळजी कक्ष, म्हणजे एसएनसीयू, उभे राहिले. उबदार पाळणे, प्राणवायू, प्रशिक्षित परिचारिका जिल्ह्याच्या गावापर्यंत पोहोचल्या. एका पिढीपूर्वी ज्या बाळांना कापसात गुंडाळून देवाच्या हवाली केले जाई, ती आज जगतात. हे यश खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच पुढचा प्रश्न टाळता येत नाही. जी बाळे पूर्वी दगावत होती आणि आता जगतात, त्यांचा मेंदू कोणत्या अवस्थेत घरी जातो?

प्रश्न मूठभर बाळांचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या सहभागाने झालेल्या, २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात सुमारे ३० लाख बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मली. जगातल्या अशा जन्मांपैकी पाचाहून एक जन्म या एका देशातला. यांतली बहुसंख्य बाळे ३२ आठवडे ओलांडून जन्मतात आणि त्यांच्या मेंदूला तुलनेने कमी धोका असतो. त्याआधी जन्मणाऱ्यांचे जागतिक प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. तेच प्रमाण भारताला लावले, तर वर्षाला चार लाखांहून अधिक बाळे अशी, की ज्यांच्या मेंदूकडे पाहणे ही चैन ठरत नाही. तो उपचाराचाच भाग ठरतो.

कारण शरीररचनेत आहे. गर्भाच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या काठाशी पेशींची एक गादी असते. तिला जर्मिनल मॅट्रिक्स म्हणतात. मेंदूच्या भावी पेशींचे हे रोपवाटिकेसारखे ठिकाण; तेथील रक्तवाहिन्या कामापुरत्या, पातळ भिंतीच्या आणि तात्पुरत्या. साधारण ३४ व्या आठवड्यापर्यंत ही गादी विरून जाते. पण बाळ त्याआधीच बाहेर आले, तर त्या नाजूक वाहिन्यांना रक्तदाबाचे चढउतार, प्राणवायूची कमतरता, व्हेंटिलेटरचा दाब आणि रुग्णवाहिकेतील हादरे सोसावे लागतात. त्या फुटल्या की रक्त प्रथम गादीत, मग पोकळीत उतरते. बहुतेक रक्तस्राव जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतात. दुसरी इजा पोकळ्यांभोवतीच्या श्वेतद्रव्याची. रक्तपुरवठा मंदावला किंवा संसर्ग झाला, की तेथील पेशी मरतात आणि दोन ते चार आठवड्यांनी त्या जागी लहान लहान पोकळ गाठी दिसू लागतात. पायांच्या हालचालीचे तंतू नेमके याच पट्ट्यातून जातात. म्हणून अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचा फटका पायांना अधिक बसतो.

आणि हे सारे बऱ्याचदा मुकाट्याने घडते. रक्तस्राव झालेल्या बाळांपैकी पाव ते निम्म्या बाळांमध्ये बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही. झटके नाहीत, टाळू फुगलेली नाही, रंग फिकट नाही. बाळ दूध पिते, वजन धरते, घरी जाते. ‘लक्षणे दिसली तर तपासू’ हे धोरण येथे तपासणीचे धोरण राहत नाही. ते न पाहण्याचेच दुसरे नाव होते.

१९७८ मध्ये अमेरिकेत ल्यू-ॲन पपील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले. त्यांतील २० बाळांच्या मेंदूत रक्तस्राव आढळला. रक्तस्रावाच्या ज्या चार श्रेणी आजही जगभर वापरल्या जातात, त्या याच अभ्यासातून आल्या. पण सीटीसाठी आजारी बाळाला पाळण्यातून उचलून न्यावे लागे आणि किरणोत्सर्गही सोसावा लागे. लगेच पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी लॅन्सेटमधून दाखवून दिले, की हीच इजा सोनोग्राफीने, बाळाला न हलवता पाहता येते. जी टाळू पिढ्यान् पिढ्या आजीने तेलाने भरली, तीच ध्वनिलहरींना मेंदूत शिरण्याची वाट देते. हाड अजून जुळलेले नसते, म्हणून आतले दिसते. थोडे कोमट जेल, लहान डोक्याचा प्रोब आणि हलका हात एवढेच लागते. किरणोत्सर्ग नाही, भूल नाही, सुई नाही.

म्हणजे हे तंत्र जवळजवळ अर्धशतक जुने आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २००२ मध्येच ३० आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बाळाची अशी तपासणी ठरलेल्या वेळी दोनदा व्हावी, असे सांगितले. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये वेळापत्रक अधिक नेमके केले: पहिली तपासणी सात ते दहा दिवसांच्या आत, दुसरी चार ते सहा आठवड्यांनी, आणि आणखी एक बाळाचे दिवस भरण्याच्या सुमारास किंवा घरी सोडण्यापूर्वी. भारतातील मोठ्या शहरांतील चांगल्या नवजात अतिदक्षता विभागांत हे वेळापत्रक पाळलेही जाते. अडचण ज्ञानाची नाही. तेच बाळ जिल्ह्याच्या गावी जन्मले, तर त्याचा मेंदू पाहिला जाईल की नाही हे नशिबावर सोडलेले आहे, ही खरी अडचण आहे.

नशीब म्हणजे काय, तेही स्पष्ट केलेले बरे. रुग्णालयात रेडिओलॉजिस्टचे पद भरलेले आहे का, भरले असल्यास तो त्या दिवशी आहे का, त्याच्या दाराबाहेर गर्भवतींची रांग किती आहे, यंत्राला बाळाच्या डोक्याचा प्रोब आहे का, आणि प्राणवायूवर असलेले सव्वा किलोचे बाळ इमारतीच्या दुसऱ्या टोकाला नेण्याचे धाडस परिचारिका करते का. इतक्या ‘जर’मधून वाट काढून जी तपासणी होते, ती सेवा म्हणता येत नाही.

या दुरवस्थेच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद होतात, त्यांतील पहिला सभ्य आणि फसवा आहे: ‘रक्तस्राव दिसला तरी त्यावर औषध नाही, मग पाहून काय उपयोग?’ फुटलेली वाहिनी जोडण्याचे औषध नाही, हे खरे. पण रक्तस्रावानंतर पोकळ्या फुगत जातात का, हे केवळ ठरावीक दिवसांनी मोजूनच कळते. त्या मोजमापाची रेषा माल्कम लेव्हीन यांनी १९८१ मध्येच आखून दिली. फुगणे वेळीच दिसले, तर साचलेला द्रव काढता येतो आणि गरज पडल्यास न्यूरोसर्जनकडे पाठवता येते. डोके वाढलेले डोळ्यांना दिसू लागते, तोवर आतल्या मेंदूवरचा दाब बराच काळ चाललेला असतो. श्वेतद्रव्यातल्या गाठी दिसल्या, तर त्या बाळाची व्यायामोपचार तज्ज्ञाशी गाठ सहाव्या महिन्याआधी पडू शकते. ‘अजून बसत नाही’ म्हणून दीड वर्षाचे मूल आणले जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

याहून मोठा उपयोग बाळाच्या पलीकडचा आहे. रक्तस्राव टाळण्याचे उपाय माहीत आहेत. अकाली प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे, नाळ बांधण्याची घाई न करणे, प्रसूतीनंतर बाळाला रुग्णवाहिकेत घालण्यापेक्षा आईलाच वेळेत मोठ्या रुग्णालयात हलवणे, व्हेंटिलेटर हळुवार हाताळणे. केंद्र सरकारने २०१४ मध्ये एएनएम परिचारिकांनाही डेक्सामेथासोनचा पहिला डोस देण्याची मुभा दिली, ती याच शहाणपणातून. पण हे उपाय एखाद्या जिल्ह्यात खरोखर अमलात येतात की नाही, याचा आरसा कोणता? बाळांच्या मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण, हाच तो आरसा. जो कक्ष पाहतच नाही, त्याच्या दप्तरी रक्तस्राव शून्य. न पाहण्याचे बक्षीस म्हणून निष्कलंक नोंदवही मिळावी, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरा युक्तिवाद असा, की सोनोग्राफी पुरेशी अचूक नाही; सौम्य इजा तीत निसटतात आणि किरकोळ डागांनी आईवडील घाबरतात. यात तथ्य आहे. श्वेतद्रव्याची पसरट, सूक्ष्म इजा एमआरआयवर अधिक चांगली दिसते. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून मूल निर्दोष वाढेल अशी हमी मिळत नाही, आणि पहिल्या श्रेणीचा रक्तस्राव म्हणजे अपंगत्वाचा निकालही नव्हे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष एवढाच, की निष्कर्ष सांगणाऱ्याला सांगण्याचे प्रशिक्षण हवे आणि तपासणी एकदाच न करता ठरलेल्या टप्प्यांवर करावी. ज्या जिल्ह्यात नियमित सोनोग्राफी नाही, तेथे एमआरआयचा हवाला देणे म्हणजे भाकरी मागणाऱ्याला पंचपक्वान्नांची यादी वाचून दाखवणे.

तिसरी अडचण बोलून दाखवली जात नाही, पण सर्वांत जड तीच आहे: कायद्याची भीती. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा कायदा २००३ मध्ये अधिक कडक झाला. तो अनावश्यक होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत दर हजार मुलग्यांमागे ९२७ होते आणि २०११ मध्ये ते ९१९ वर घसरले. ज्या देशात सोनोग्राफीचे यंत्र मुलींच्या हत्येचे हत्यार झाले, त्या देशाने त्या यंत्रावर पहारा बसवणे रास्तच होते.

पण पहाऱ्याची रचना तपासायला हवी. कायद्याचा रोख गर्भवतीच्या तपासणीवर आहे. नोंदणी मात्र यंत्राची होते, मग ते कोणाच्याही डोक्यावर ठेवलेले असो. नोंदणी नसलेल्याला यंत्र विकता येत नाही. २०१२ च्या नियमांनुसार सुटसुटीत, हलवता येणारे यंत्र नोंदलेल्या आवारातील दाखल रुग्णांसाठी किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणूनच वापरता येते. २०१४ मध्ये एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचे नियम आले. त्या अभ्यासक्रमाचे नावच पोट आणि ओटीपोट यांच्या सोनोग्राफीचे आहे. नवजात बाळाच्या डोक्याचा त्याच्याशी संबंध नाही. नियमांच्या अशा जाळ्यात बालरोगतज्ज्ञ विचार करतो: एखाद्या कागदातील चुकीपायी यंत्राला सील लागणार असेल, तर ही उठाठेव हवी कशाला? आणि नवजात कक्षातला तो कोपरा रिकामा राहतो.

यातला विरोधाभास क्रूर आहे. ज्या मुलीचा जीव गर्भात असताना वाचावा म्हणून कायदा झाला, ती मुलगी सातव्या महिन्यात जन्मून एसएनसीयूत पोहोचली, की त्याच कायद्याच्या सावलीत तिच्या मेंदूची तपासणी अडते. मुलगी म्हणून तिला परत तपासणीला आणण्यात घरचे आधीच हात आखडता घेतात. अशा मुलीला घरी जाण्यापूर्वीची एक सोनोग्राफी मिळणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय कायदा सैल करण्याचा नाही. त्यात नवजात बाळांसाठी एक वेगळा, उजेडातला दरवाजा करण्याचा आहे. नवजात कक्षातील यंत्राची स्वतंत्र वर्गवारी असावी. त्या यंत्रासोबत केवळ लहान, उच्च वारंवारतेचा प्रोब द्यावा. पोटाचा प्रोब जोडताच येणार नाही अशी कुलूपबंदी उत्पादकाकडून करून घ्यावी. यंत्र कक्षाबाहेर जाऊ नये, प्रत्येक तपासणी बाळाच्या नोंदणी क्रमांकाशी बांधलेली असावी आणि नोंदीची तपासणी कडक असावी. जे सरकार एका यंत्राला सील ठोकू शकते, ते त्याच यंत्राला मर्यादित परवानगीही देऊ शकते.

‘पण करणार कोण? रेडिओलॉजिस्ट आणायचे कोठून?’ याचे उत्तर याच देशाने याच बाळांच्या डोळ्यांच्या बाबतीत दिलेले आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा दृष्टिपटल बिघडून अंधत्व येते. वेळीच पाहिले तर लेझरने ते टाळता येते. डोळ्यांचे असे तज्ज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत नव्हतेच. कर्नाटकात २००८ पासून ‘किडरॉप’ या उपक्रमाने प्रशिक्षित तंत्रज्ञांना कॅमेरा घेऊन ग्रामीण नवजात कक्षांत पाठवले आणि दूरवरच्या तज्ज्ञांनी प्रतिमा वाचल्या. डॉक्टर नसलेल्या हातांनी काढलेल्या प्रतिमांवर मुलांची दृष्टी वाचली. डोक्याच्या सोनोग्राफीचेही प्रमाणित छेद ठरलेले आहेत: समोरून मागे सहा, आणि मधला धरून बाजूंचे पाच. नवजात कक्षातील डॉक्टर किंवा तंत्रज्ञाला हे अकरा छेद शिकवता येतात आणि वैद्यकीय महाविद्यालयातील रेडिओलॉजिस्टला ते दुरून वाचता येतात. छायाचित्रापेक्षा सोनोग्राफीत हाताचे कसब अधिक लागते, हे मान्य. म्हणूनच प्रशिक्षण, परीक्षा आणि फेरतपासणी हवी. तज्ज्ञांच्या संघटनांनी या कामावरचा हक्क सांगण्यापेक्षा या कामाचे शिक्षक व्हावे.

डोळ्यांच्या कहाणीत आणखी एक धडा आहे. १९९६ मध्ये तामिळनाडूतील सरकारी रुग्णालयात २९ व्या आठवड्यात जन्मलेल्या एका मुलीच्या डोळ्यांची तपासणी सुचवलीच गेली नाही आणि ती अंध झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये तिला सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली, तोवर ती अठरा वर्षांची झाली होती. सरकारची नवजात नेत्रतपासणीची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ ची आहेत. मेंदूच्या बाबतीतही कोणा मुलीने अठरा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्यावरच यंत्रणा जागी होणार आहे काय?

व्यवस्थेचा सांगाडा तर आधीच उभा आहे. २०१४ च्या राष्ट्रीय नवजात कृती आराखड्याने सहा स्तंभ सांगितले. त्यांतला सहावा स्तंभ ‘जगण्याच्या पलीकडची काळजी’ हाच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला आणि त्याने मुलांच्या विकासातील विलंबालाही आपल्या यादीत स्थान दिले. त्याच कार्यक्रमात जिल्ह्यांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आहे. एकीकडे बाळ आहे, दुसरीकडे केंद्र आहे. मधला दुवा असलेला सोनोग्राफीचा अहवाल तेवढा ठरलेला नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ३२ आठवड्यांपूर्वी किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मलेले प्रत्येक बाळ, ते सरकारी कक्षात असो वा खासगी, त्याच्या डोक्याची सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात, महिन्याभराने आणि दिवस भरण्याच्या सुमारास, बाळाच्या पाळण्यापाशीच झाली पाहिजे. तिचा निष्कर्ष घरी जातानाच्या कागदावर आईला समजेल अशा भाषेत लिहिला पाहिजे. दोष आढळलेले बाळ नाव, गाव आणि तारखेसह शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे सोपवले गेले पाहिजे. आणि प्रत्येक कक्षाने वर्षाकाठी दोन आकडे जाहीर केले पाहिजेत: किती बाळांचा मेंदू पाहिला, आणि किती बाळांच्या मेंदूत इजा आढळली. पहिला आकडा लहान असलेल्या कक्षाला दुसऱ्या आकड्याचा अभिमान मिरवता येऊ नये.

टाळू साधारण दीड वर्षात भरून येते. मेंदूतील इजेवर लवकर काम सुरू करण्याचे सर्वांत मोलाचे महिने त्याहून कमी आहेत. त्या मुदतीत पाहिले गेले नाही, तर पुढे कधीतरी ते मूल उभे राहत नाही, बोलत नाही, शाळेत मागे पडते. आणि घरात शोध सुरू होतो तो कोणाची नजर लागली याचा. ज्यांनी पाहायचे होते त्यांनी पाहिले नाही, एवढे साधे उत्तर त्या आईपर्यंत कधी पोहोचतच नाही.